पंचवीस दिव्यांत ‘जय भीम’ मावेना!



२०१६ साली ब्रिटनमध्ये बीबीसीच्या पुढाकाराने शाळेतल्या ११-१२ वर्षांच्या सुमारे १० लाख मुलांना एक छोटी पाटी मोफत वाटली गेली. तिचे नाव मायक्रोबिट. काडेपेटीहून जराशी मोठी. तिच्यावर दोन बटणे आणि पाच ओळींत मांडलेले २५ लाल दिवे. आपण लिहून दिलेल्या आज्ञा ही पाटी पाळते. यंत्र वापरणे वेगळे आणि यंत्राला कामाला लावणे वेगळे, हे मुलांना लहानपणीच कळावे, हा त्यामागचा हेतू. ही पाटी आता आपल्याकडेही विकत मिळते.

विहारातल्या अभ्यासिकेसाठी आम्ही वर्गणी काढून एक पाटी घेतली. मुलांची पहिली मागणी एकच : ‘जय भीम’ दाखवा! इंग्रजी अक्षरे एकामागून एक सरकत गेली. मराठी मात्र उमटेना. पाटीच्या पोटात साठा इंग्रजी अक्षरांचाच. आणि २५ ठिपक्यांत शिरोरेषा, काना, वेलांटी बसवायची तरी कुठे? तेव्हा ठरले, पाटीला छोटा पडदा जोडायचा.

या पडद्याला ओलेड म्हणतात. रुंदी सुमारे एक इंच, पण त्यात आडवे १२८ आणि उभे ६४, म्हणजे एकूण ८,१९२ ठिपके. प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, मागून दिवा लागत नाही. किंमत काही शे रुपये. जोडायला तारा फक्त चार. व्हीसीसी लिहिलेली तार पाटीच्या ३ व्होल्टला, जीएनडी जीएनडीला, एससीएल १९ क्रमांकाला आणि एसडीए २० क्रमांकाला. हे दोन क्रमांक पाटीच्या कडेला अगदी बारीक पट्ट्यांवर असतात. म्हणून पाटी ज्या खाचेत बसते ती जोडपट्टीही घ्यावी लागते.

दोन तारा विजेच्या, हे मुलांना चटकन कळले. उरलेल्या दोन कशाला? जयंतीच्या मिरवणुकीत हलगीच्या ठेक्यावर लेझीमची पावले पडतात ना, तसेच हे. एससीएल ठेका धरते, त्या ठेक्यावर एसडीएमधून निरोप जातो. निरोप कोणाला, हे पत्त्यावरून ठरते. चाळीत जसा खोलीचा नंबर, तसा या पडद्याचा नंबर बहुधा ६० असतो.

आता आमची चूक सांगतो. आम्ही चित्र समोर ठेवून तारा लावल्या. वीज सुरू करणार, तोच आठवीतली एक मुलगी म्हणाली, “काका, थांबा! चित्रात जीएनडी पहिलं आहे, आपल्या पडद्यावर व्हीसीसी पहिलं लिहिलंय.” तिचे खरे होते. काही पडद्यांवर या दोन जागा उलट असतात. वीज दिली असती तर पडदा जळाला असता, कदाचित पाटीही गेली असती. घरकाम करणाऱ्या, बिगारी करणाऱ्या माणसांच्या वर्गणीची ती पाटी. कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आम्ही दर रविवारी सांगतो. त्या दिवशी तो त्या मुलीने आम्हाला शिकवला.

पुढचे काम सोपे. मेककोड नावाच्या मोफत साधनात ओलेडची जोड घेतली, पडदा १२८ बाय ६४ चा असल्याचे सांगितले. मराठी अक्षरे मात्र तिथेही नव्हती. मग मुलांनी गणिताची चौकटींची वही काढली. एक चौकट म्हणजे एक ठिपका. मोजणी डावीकडून-वरून, शून्यापासून. म्हणून आडवा शेवटचा ठिपका १२७ वा, १२८ वा नव्हे. शिरोरेषा ओढली, ‘भी’ची वेलांटी दोनदा खोडली. काळ्या केलेल्या प्रत्येक चौकटीचे दोन आकडे लिहून काढले आणि तेच पाटीला दिले. चौथ्या संध्याकाळी पडद्यावर ‘जय भीम’ उजळले. तयार अक्षरे नव्हती, ती आपल्या पोरांनी घडवली.

१९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात आपल्या मुलांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. कारखान्यात आपला माणूस झाडू घेऊनच का उभा राहावा, हा प्रश्न त्यामागे होता. तो आजही सुटलेला नाही.

पालकांनो, प्रत्येक घराने पाटी घ्यावी असे आम्ही म्हणत नाही. एका विहारात एक पुरे. पाटी येईपर्यंत २५ दिव्यांचा सराव मेककोडमध्ये संगणकावर फुकट करता येतो. मात्र पहिल्या दिवसापासून मुलींना पुढे बसवा. आणि वीज सुरू करण्यापूर्वी छापलेली अक्षरे त्यांच्याकडूनच वाचून घ्या.