रेकानातीची गिटार, बजाजनगरचा फिटर

बजाजनगरात एक जुनी इटालियन इलेक्ट्रिक गिटार आहे आणि ती अजून वाजते, एवढंच संपादकांच्या कानावर आलं होतं. संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीवर पुरवणी निघायची होती, कारखान्यांच्या मजकुरात एखादं वेगळं पान हवं होतं. म्हणून मी गेलो. गिटार देखणी आहे. पुढून लाल चमकी, पाठीवर शिंपल्याची झाक, एकाखाली एक चार पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारी वेटोळी. पण मला धरून ठेवलं ते तिच्या पुढच्या पट्टीवरच्या बटणांच्या ओळीने.

मालक टूलरूममध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले फिटर आहेत. नाव छापायचं नाही, ही त्यांची अट. कॉलनीत त्यांना सगळे काका म्हणतात, मीही तेच म्हणतो. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. त्याच्यामागोमाग सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्या आल्या आणि बीड, जालना, परभणीकडची तरुण मुलं आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन या माळावर उतरली. काका त्यांतलेच. दिवसा डाय, पंच आणि जिग; संध्याकाळी गणपतीतला नाहीतर कंपनीच्या गॅदरिंगचा ऑर्केस्ट्रा. गिटार ते ऐकून ऐकून शिकले. ही इटालियन गिटार फार पुढे आली, मुंबईत घर आवरणाऱ्या एका गोवेकर वादकाच्या कुटुंबाकडून. आली तेव्हा मुकी होती. तारा छेडल्या तर लाकडाचा बारीक आवाज यायचा, अॅम्प्लिफायरमधून काहीच नाही.

तिच्या डोक्यावर नाव आहे एको. इटलीच्या पूर्व किनाऱ्याजवळ, अँकोना प्रांतात, कास्तेलफिदार्दो नावाचं टेकडीवरचं गाव आहे. पाओलो सोप्रानी या शेतकऱ्याच्या मुलाने १८६३ च्या सुमारास तिथे अकॉर्डियन बनवायला सुरुवात केली. आख्यायिका अशी की, जवळच्या लोरेतोच्या तीर्थाला निघालेला एक ऑस्ट्रियन यात्रेकरू सोप्रानींच्या घरी मुक्कामाला राहिला आणि त्याच्याजवळची पेटी या पोराने खोलून पाहिली. पुढच्या शंभर वर्षांत ते गाव आणि आजूबाजूची गावं अकॉर्डियनवरच जगली. १९४६ साली सेत्तिमिओ सोप्रानी, स्कांदाल्ली आणि फ्रोंतालिनी हे तीन कारखाने एकत्र आले आणि फार्फिसा कंपनी झाली.

मग १९५० च्या दशकाच्या शेवटी रॉक अँड रोल आलं. जगभरच्या पोरांना अकॉर्डियन नको झालं, गिटार हवी झाली. ऑर्डरी आटल्या. इतिहासाचा हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण वाळूजमधल्या कुणालाही तो समजावून सांगावा लागत नाही. मॉडेल बंद झालं की त्याच्यावर चालणाऱ्या शेडचं काय होतं, हे इथे घरोघरी माहीत आहे. ओलिव्हिएरो पिजिनी या व्यावसायिकाने १९५९ साली एको सुरू केली आणि कारखाना शेजारच्या रेकानातीत उभा केला. रेकानाती हे जाकोमो लेओपार्दी या कवीचं जन्मगाव. गिटार बनवायला माणसं नवी कुठून आणणार? होती ती अकॉर्डियनवाली. सेल्युलॉइडचा पत्रा मऊ करून लाकडावर ताणून बसवणारे, बटणं आणि कळांची यंत्रणा जुळवणारे हात तयार होते. त्यांनी गिटार बनवली ती आपल्या हाताला येत होती तशी. म्हणून तिला चमकीचं सेल्युलॉइडचं अंग आणि म्हणून तिला बटणं.

अकॉर्डियनवर आवाजाचा पोत बदलायला रजिस्टरची बटणं असतात. एक दाबलं की स्वरपट्ट्यांचा एक जथा बोलतो, दुसरं दाबलं की दुसरा. एकोच्या कारागिरांनी तीच कल्पना चार पिकअपना लावली. १+२, ३+४ अशा जोड्या बटणांवर कोरलेल्या आहेत. एकावर शून्य आहे. ते दाबलं की गिटार गप्प. अमेरिकन गिटारीवर या जागी एक साधा खटका असतो. अमेरिकन गिटारी चांगल्या की इटालियन, या वादात ताकदीचा आवाज आणि मानेची घडण पाहिली तर अमेरिकन जिंकतात, हे मला मान्य आहे. पण इटालियन गिटारीला नक्कल म्हणणं अन्यायाचं आहे. ती अकॉर्डियनच्या पोटातून आलेली आहे आणि ते तिच्या अंगावर स्पष्ट दिसतं.

एकोचा माल अमेरिकेत मिलवॉकीचे लोड्यूका बंधू विकत. तेही आधी अकॉर्डियनचेच आयातदार. इंग्लंडच्या व्हॉक्स कंपनीच्या नावाच्या कितीतरी गिटारी १९६० च्या दशकाच्या मध्यापासून एकोच्याच कारखान्यात बनत होत्या. क्रुचानेल्लीसारखी कास्तेलफिदार्दोची इतर नावंही याच वाटेने गिटारीकडे वळली. या सगळ्यांत एकच माणूस अकॉर्डियनच्या गावाबाहेरचा आणि सगळ्यांहून वेगळा: आंतोनिओ पिओली, ज्याला वान्द्रे म्हणत. उत्तरेकडच्या काव्रिआगो गावात त्याने चक्क गोलाकार कारखाना बांधला. गिटारीची मान तो अॅल्युमिनियमची करी आणि धड असं की चित्रकाराच्या हातून सुटलेला रंगाचा गोळा वाटावा. १९५० च्या दशकाच्या शेवटापासून दहाएक वर्षं त्याने हे केलं आणि मग सोडून दिलं. काकांना वान्द्रेच्या गिटारीचे फोटो दाखवले तर त्यांनी अॅल्युमिनियमच्या मानेवरच बोट ठेवलं: उन्हात ती लांबणार, मग सूर कसा टिकणार? टूलरूमच्या माणसाला आधी तेच दिसतं.

आपल्याकडे या गिटारी फार आल्या नाहीत. आयातीवर कडक बंधनं होती. जी काही आली ती बहुधा मुंबईच्या वादकांमार्फत. पण त्या गावांचा आवाज मात्र महाराष्ट्राने भरपूर ऐकला आहे. ‘आराधना’तल्या ‘रूप तेरा मस्ताना’मधलं अकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचं, साल १९६९. पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांचं अकॉर्डियन आणि व्हॅन शिपले यांची इलेक्ट्रिक गिटार यांच्या जुगलबंदीच्या तबकड्या घरोघरी वाजल्या. चरणजितसिंग फार्फिसाचं ट्रान्झिकॉर्ड, म्हणजे विजेवरचं अकॉर्डियन, वाजवायचे. काकांच्या ऑर्केस्ट्रात यातलं एकही वाद्य नव्हतं. पण गाणी हीच होती. म्हणून आपली गिटार त्याच डोंगरकडेच्या गावांतून आली आहे हे कळल्यावर त्यांना झालेला आनंद मला समजतो.

आणि स्कूटर विसरून चालणार नाही. पियाजिओ ही विमानं बनवणारी इटालियन कंपनी. युद्धानंतर विमानांचं काम थांबलं, तेव्हा कोर्रादिनो दास्कानिओ या विमानाच्या इंजिनिअरने व्हेस्पा आखली. ती १९४६ साली बाजारात आली. बजाजने पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली. १९७१ साली करार संपला आणि पुढच्या वर्षी चेतक आली. विमानवाल्यांनी स्कूटर केली, अकॉर्डियनवाल्यांनी गिटार केली. त्या स्कूटरच्या वंशावर उभ्या राहिलेल्या कामगार वसाहतीत ती गिटार दुरुस्त झाली, ही गोष्ट मला योगायोगापेक्षा मोठी वाटते.

आता ती बटणं. जुन्या टेबल फॅनची असत तशीच त्यांची चाल आहे: एक दाबलं की आधीचं वर येतं. प्रत्येक बटणाखाली एक सरकती दांडी आणि तिला खाच. सगळ्या दांड्यांच्या आडून एक लांब पट्टी जाते, तिला स्प्रिंग एका बाजूला ओढून धरते. बटण दाबलं की दांडीचा उतार त्या पट्टीला क्षणभर बाजूला सारतो. तेवढ्यात अडकलेलं बटण सुटतं आणि नवं आपल्या खाचेत बसतं. दांडीच्या दुसऱ्या टोकाला पातळ पात्यांचे संपर्क असतात, ते पिकअपच्या तारा जोडतात आणि तोडतात. काकांनी गिटार उघडली तेव्हा आडवी पट्टी झिजून गोल झाली होती, स्प्रिंग थकली होती आणि पाती काळी पडली होती. एकही बटण खाली थांबत नव्हतं.

नवा खटका बसवून काम अर्ध्या तासात झालं असतं. तसं करणारे पुष्कळ. काकांनी ते केलं नाही. जुनी पट्टी त्यांनी मायक्रोमीटरखाली घेतली, झिजलेल्या जागेवरून मूळची कड कुठे असेल याचा अंदाज बांधला, कागदावर ड्रॉइंग काढलं. ओळखीच्या शेडमध्ये वायरकटवर स्प्रिंग स्टीलची पट्टी कापून घेतली. तिच्या कडा मात्र घरी बसून बारीक कानशीने स्वतः घासल्या. बटण सुटताना जो आवाज येतो, तो मशीनच्या कडेने कर्कश येतो आणि हाताने मोडलेल्या कडेने मऊ येतो, असं त्यांचं म्हणणं. मी दोन्ही कडांचा आवाज ऐकला. फरक आहे. इटालियन गिटारीचं एक सुख असं की तिचे स्क्रू, नट, दांडे सगळे मिलिमीटरमधले. अमेरिकन गिटारीचा इंचातला स्क्रू शोधत मुंबई गाठावी लागते. हिचा स्क्रू वाळूजच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

पिकअपचं काम याहून नाजूक. चारांतले दोन तुटलेले होते. त्यातली तांब्याची तार केसाहून बारीक, मिलिमीटरच्या सहा शतांशाच्या आसपास, आणि तिचे हजारो वेढे. इथे मोटार वाइंडिंगची दुकानं आहेत, पण एवढ्या बारीक तारेला कुणी हात लावेना. काकांनी शिवणयंत्राच्या मोटारीवर आपलं वाइंडिंग मशीन जमवलं. वेढे मोजायला सायकलचा मीटर. तार बोटांच्या चिमटीत किती ताणायची, हे सांगता येत नाही. ते म्हणाले, तुटली की कळतं. आता चारही पिकअप बोलतात. आवाज पातळ, स्वच्छ, थोडा काचेसारखा. जाड, फाटका आवाज या गिटारीत नाहीच. पण काका ‘रूप तेरा मस्ताना’ची धून घेतात तेव्हा ३+४ चं बटण दाबून असा सूर काढतात की अकॉर्डियनचं आणि गिटारीचं नातं कानालाच कळतं.

इथपर्यंतचं सगळं कौतुकाचं. काळजीचं यापुढे आहे.

गिटारीच्या अंगावरचं सेल्युलॉइड म्हणजे सेल्युलोज नायट्रेट आणि कापूर. जुन्या सिनेमाच्या फिती याच जातीच्या. २००३ च्या जानेवारीत पुण्यात अशा फितींच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह त्यात गेल्या. हा पदार्थ पेट घेतो एवढंच नाही, तो आपोआप कुजतो. त्यातून आम्लाच्या वाफा निघतात, त्या वाफांनी जवळचं लोखंड गंजतं, तारा काळ्या पडतात आणि कुजण्याला आणखी वेग येतो. उष्णता आणि दमट हवा हे त्याचे शत्रू. संभाजीनगरचा उन्हाळा चाळिशी पार करतो आणि लगेच पावसाळा येतो. काकांच्या गिटारीच्या कमरेपाशी चिरा दिसू लागल्या आहेत. काठाला पत्रा आकसून लाकूड उघडं पडलं आहे. कुजणं थांबवता येत नाही, लांबवता येतं. बंद पेटीत ठेवलं तर वाफा कोंडतात, म्हणून गिटार उत्तरेकडच्या खोलीत उघडी, हवेशीर ठेवलेली असते. सोल्डरिंग आयर्न तिच्याजवळ कधीच नेत नाहीत. आधी पट्टी सोडवून बाहेर काढतात, मग टाका.

मानेची वेगळी कथा. कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोट कापतात. पावसाळ्यात तीच मान फुगते. वर्षातून दोनदा तारांची उंची लावावी लागते. नटापाशी शून्याचा फ्रेट आहे, ही त्या काळच्या बहुतेक इटालियन गिटारींची खूण. सगळ्या तारा त्याच्यावरून जातात, म्हणून तोच सगळ्यात आधी झिजतो. शिवाय जुने पिकअप ट्यूबलाइटची घरघर पकडतात. मांडवात अर्थिंग नीट नसेल तर घरघर ही बारीक तक्रार ठरते. गिटारीच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात. एका हातात तार आणि ओठांजवळ माइक असताना शॉक बसला तर जीव जातो. काका आता टेस्टरने तपासल्याशिवाय स्टेजवर चढत नाहीत. बऱ्याचदा नाहीच चढत.

सगळ्यात अवघड प्रश्न माणसांचा. १९६० च्या दशकाच्या शेवटी जपानी गिटारी स्वस्तात आल्या आणि इटलीतले कारखाने एकामागून एक मिटले. एकोचा मूळ कारखानाही १९८० च्या दशकाच्या मध्याला बंद झाला. नाव पुढे दुसऱ्यांनी चालवलं. ज्या कारागिरांनी ही बटणं जुळवली त्यांची पिढी आता फारशी उरली नसेल. आणि इथे, कानशीने कड मोडणारे फिटर निवृत्त होत आहेत. नवी पोरं सीएनसीवर बसतात, त्यात वाईट काही नाही. पण ज्या भागाचं ड्रॉइंगच नाही, तो भाग झिजलेल्या तुकड्यावरून ओळखायचा कसा, हे शिकवायला कुणाला वेळ नाही. काकांचा मुलगा आयटीत आहे, पुण्यात.

वाचकांना एक विनंती करतो. घरातल्या माळ्यावर जुनी इटालियन गिटार, अकॉर्डियन किंवा ऑर्गन पडलं असेल तर ते भंगारात देऊ नका. चकचकीत पत्रा खरवडून रंग मारू नका. मूळची बटणं, स्क्रू, तुटलेला पिकअप, सगळं एका डबीत जपून ठेवा, कारण त्या तुकड्यांवरूनच नवा भाग निघतो. बंद पेटीत, पत्र्याच्या छपराखाली ठेवू नका. आणि वाळूजमधल्या आयटीआयच्या शिक्षकांनी आपली चार मुलं काकांकडे पाठवावीत. शिकवायची त्यांची तयारी आहे; कानस आपली आणायची, एवढीच अट.