हळदीचं दूध आणि आतड्यांचा दाह: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स या आतड्यांच्या दाहाच्या आजारांचं निदान झालं की पहिला सल्ला स्वयंपाकघरातून येतो. हळद घे, कोरफडीचा रस घे. तो मायेपोटी दिलेला असतो आणि त्यात तथ्यही आहे. मात्र ते कुठपर्यंत आहे, हे रुग्णाला आणि घरच्यांना ठाऊक हवं.

गैरसमज: हळदीवर संशोधन झालंय, म्हणजे हळदीचं दूध पुरे.
वस्तुस्थिती: संशोधन झालंय ते हळदीतल्या कुरकुमिनवर. जपानमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कोलायटिस आटोक्यात असलेल्या रुग्णांना रोज २ ग्रॅम कुरकुमिन दिलं. सहा महिन्यांत ४३ पैकी दोघांचा आजार उलटला. कुरकुमिन न घेणाऱ्या ३९ पैकी आठ जणांचा. हळदपुडीत कुरकुमिन असतं जेमतेम ३ टक्के. म्हणजे २ ग्रॅमसाठी रोज ६५ ग्रॅमच्या आसपास हळद खावी लागेल! जेवणातली हळद खुशाल खा, पण तिला औषध समजू नका.

गैरसमज: वनस्पतींनी गुण आला की गोळ्या सोडता येतात.
वस्तुस्थिती: त्या जपानी चाचणीतले सगळे रुग्ण मेसालामिन किंवा सल्फासालाझिन या नेहमीच्या गोळ्या घेतच होते. कुरकुमिन जोडीला होतं, गोळ्यांच्या जागी नव्हतं. शिवाय त्रास थांबला तरी आतला दाह धुमसत राहू शकतो आणि मोठ्या आतड्यातला दाह वर्षानुवर्षं राहिला की कर्करोगाचा धोका वाढतो.

गैरसमज: कोलायटिसला चालतं ते क्रोन्सलाही चालतं.
वस्तुस्थिती: दोन्ही आजार वेगळे आहेत. क्रोन्सच्या शस्त्रक्रियेनंतर आजार पुन्हा उद्भवू नये म्हणून फ्रान्समध्ये रोज ३ ग्रॅम कुरकुमिन देऊन पाहिलं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्याचा फायदा दिसला नाही. इसबगोलाचंही तसंच: कोलायटिसला चालला म्हणून तो क्रोन्सला चालेलच असं नाही. क्रोन्समुळे आतडं अरुंद झालं असेल, तर फुगलेला इसबगोल तिथेच अडकू शकतो.

गैरसमज: झाडपाला आहे, अपाय कसला?
वस्तुस्थिती: निळीच्या झाडांच्या पानांपासून केलेलं एक पारंपरिक चिनी औषध जपानमध्ये ८६ कोलायटिस रुग्णांवर तपासलं गेलं. आठ आठवड्यांत औषध घेणाऱ्या सुमारे ७० ते ८० टक्के रुग्णांना उतार पडला. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं. तरीही चाचणी मध्येच थांबवावी लागली. हे औषध घेणाऱ्या, चाचणीबाहेरच्या रुग्णात फुप्फुसाच्या धमन्यांचा रक्तदाब वाढल्याचं आढळलं होतं. हळदीच्या कॅप्सुलांनी, विशेषतः मिरीचा अर्क मिसळलेल्या, यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. जे शरीरावर परिणाम करतं, ते दुष्परिणामही करू शकतं.

म्हणून काढा, चूर्ण, कॅप्सूल काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. आधीच घेत असाल तर लपवू नका. आणि शौचातून रक्त जात असेल, तर मूळव्याध समजून घरगुती उपायांत महिने घालवू नका. आधी तपासणी करून घ्या.