बडनेऱ्याचा हिसका आणि तिसरा डेरिव्हेटिव्ह

अमरावतीला जाणारे लोक बडनेरा यायच्या आधीच दारात येऊन उभे राहतात. गाडी हळूहळू थांबते आणि अगदी शेवटच्या क्षणी सगळे मागे कलंडतात. वेग तर संपतच आला होता, मग हिसका कशाचा?

ब्रेक लागलेला असताना आपण अंग मागे तोलून धरतो. गाडी थांबताच त्वरण एकदम शून्य होतं, पण अंग तसंच तोललेलं राहतं. त्वरण बदलण्याच्या दराला जर्क म्हणतात, म्हणजे स्थानाचा तिसरा डेरिव्हेटिव्ह. समजा, गाडी ०.५ मी/से² ने मंदावतेय. हे त्वरण ०.१ सेकंदात शून्य झालं तर जर्क ५ मी/से³. ब्रेक आधीच सैल करत नेऊन त्याला २ सेकंद दिले तर फक्त ०.२५.

आता हा जर्क मोजायचाय. जीपीएसवरून दर सेकंदाला स्थान नोंदवलं, तर तीनदा फरक काढावा लागेल. त्यात चार नोंदींना १, ३, ३, १ असे गुणक लागतात, चिन्हं आलटूनपालटून. प्रत्येक नोंदीत ३ मीटरपर्यंत चूक असेल, तर उत्तरातली चूक ८ पट, म्हणजे २४ मी/से³ पर्यंत जाऊ शकते. आपला ५ चा हिसका त्यात बुडालाच! शिवाय ०.१ सेकंदाची घटना दोन नोंदींच्या मधेच निसटते. मोबाईलमधला अ‍ॅक्सेलरोमीटर त्वरण थेट देतो, सेकंदाला कितीतरी नोंदी घेतो, आणि फरक एकदाच काढावा लागतो.

म्हणून प्रयोग ठरवण्याआधी स्वतःला विचारा: मला हवी असलेली राशी मी मोजतोय त्या राशीपासून किती डेरिव्हेटिव्ह दूर आहे? उपकरण त्यानंतर निवडा.