पाणी बाटवते कोण?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि सनातन्यांच्या लेखी तळे बाटले. मग त्यांनी त्याचे शुद्धीकरण केले. शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी मंत्रघोषात तळ्यात ओतल्या. ही हकीकत चळवळीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. तिची एक बाजू मात्र आम्ही फारशी बोलत नाही. ई-कोलाय हा जंतू गाय, म्हैस, माणूस अशा उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात राहतो आणि विष्ठेवाटे बाहेर पडतो. ताज्या शेणाच्या एका ग्रॅममध्ये असे जंतू लाखोंनी असू शकतात. एशेरिख या डॉक्टरने त्याचे वर्णन १८८५ साली, म्हणजे महाडच्या ४२ वर्षे आधी केले होते. तळ्यात विष्ठा सत्याग्रहींनी टाकली नाही. ती शुद्धीकरणवाल्यांनी टाकली, आणि वर सोवळेही मिरवले!

हे सांगायचे कारण गोंदिया जिल्हा. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा पाण्याचाच आहे. नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा हे मोठे तलाव, गावोगावी मामा तलाव आणि बोड्या. उत्तरेच्या सीमेवरून वैनगंगा वाहते. ती मध्य प्रदेशात सिवनीकडे उगम पावते, बालाघाट शहरावरून खाली येते आणि वाटेत बाघ नदी तिला मिळते. गोंदिया शहराजवळून जाणारी पांगोली त्या बाघेचीच उपनदी. गोंदिया शहर पिते ते डांगोर्लीहून उचललेले वैनगंगेचे पाणी. वरच्या गावाचे सांडपाणी हे खालच्या गावाचे पिण्याचे पाणी असते, नदीचा हिशोब इतका साधा आहे.

पण जंतू पाण्याबरोबर नुसता वाहून जात नाही, आणि इथेच आमची फसगत होते. पाऊस पडला की उकिरडा, गोठा, नाली, शौचालयाचा फुटका खड्डा यांतले सारे ओढ्यात उतरते. जंतू मातीच्या बारीक कणांना चिकटतात. प्रवाह मंदावला की, म्हणजे डोहात, बंधाऱ्यामागे, तलावाच्या तोंडाशी, कण तळाला बसतात आणि जंतूही बसतात. वरच्या पाण्यातले ऊन्हाने लवकर मरतात. गाळातल्यांना ऊन लागत नाही, खायला मिळते, आणि ते आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही तग धरतात. वरच्या पाण्यापेक्षा तळच्या गाळात त्यांची संख्या शेकडो पटींनी जास्त असू शकते. नदी म्हणजे वाहती नालीच नव्हे, ती एक कोठारही आहे.

हे कोठार उघडते पहिल्या पुराने. म्हशी पाण्यात उतरल्या, रेती उपसणाऱ्यांनी तळ खरवडला, तरी उघडते. म्हणून जानेवारीतल्या नितळ पाण्याचा नमुना पास झाला याचा अर्थ जुलैचे पाणी पिण्याजोगे आहे असा होत नाही. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय एकही असता कामा नये, हे देशाचे मानक आहे. त्यात गढूळ पाण्यावर टीसीएल पावडर नीट चालत नाही. क्लोरीन आधी चिखलावर खर्च होतो आणि कणाच्या आड दडलेला जंतू वाचतो. पावडर टाकली, वहीत नोंद झाली, आणि वस्तीत हगवण सुरूच.

आणि त्याच जुलैत रोवणी असते. मजूर बायाबापड्या दिवसभर बांधीच्या चिखलात उभ्या असतात. घरून नेलेले पाणी संपले की जवळची बोडी किंवा विहीर. या बाया कोणत्या समाजाच्या, हे आम्ही सांगायला नको.

आता शौचालये आली, २०१८ साली ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीरही झाला. आनंद आहे. पण खड्ड्यातला मैला कुठे जातो? धानाच्या पट्ट्यात पावसाळ्यात भूजल वर येते. शोषखड्डा हातपंपाला खेटून असेल तर मैला पाण्याला भेटतो. दोहोंत किमान १० ते १५ मीटर अंतर लागते. दलित वस्तीतल्या चिंचोळ्या जागेत ते कुठून आणायचे? जागा कुणी इतकी आखूड ठेवली? अनेक गावांत आमची वस्ती उताराच्या खालच्या अंगाला आहे. सारे गाव तिच्याकडे वाहते. आणि टाकी उपसायला माणूस उतरवायचा झाला की २०१३ चा बंदी कायदा असूनही बोलावणे याच वस्तीला येते.

विटाळ मोजता येतो, हे विज्ञानाने आपल्या हाती दिलेले हत्यार आहे. ते वापरा. पाण्याच्या स्रोतांची पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी होते, त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कोणते, हे ग्रामसभेत विचारा. पहिला पूर ओसरला की आठ दिवसांत नमुना घ्यायला लावा. वस्तीच्या हातपंपाचा नमुना वेगळा मागा, अहवाल पंचायतीच्या फलकावर लावायला सांगा. आणि बाटली गावाच्या वरच्या विहिरीत भरली की खालच्या, हेही त्या कागदावर लिहून घ्या.