भूमिका-खेळ, संगणकीय

खेळाडूने एका वा अनेक काल्पनिक पात्रांची भूमिका घेऊन संगणकाने उभ्या केलेल्या जगात संचार व युद्ध करण्याचा खेळप्रकार. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे, कागद व पेन्सिल यांनी खेळावयाच्या खेळात त्याचे मूळ आहे. योद्धा, मांत्रिक, पुरोहित आणि १९७५ पासून चोर, हे पात्रांचे मुख्य वर्ग त्यातूनच आले. मांत्रिक पाठ केलेला मंत्र एकदा वापरताच विसरतो, ही त्यातील कल्पना जॅक व्हान्स यांच्या कथांवरून घेतलेली आहे. एकदाच सोडता येणारी कर्णाची वासवी शक्ती आठवली, म्हणजे ती मराठी वाचकास अपरिचित वाटणार नाही.

अँड्र्यू ग्रीनबर्ग व रॉबर्ट वुडहेड यांच्या ‘विझर्ड्री’ (१९८१) या खेळात सहा पात्रांचे पथक दहा मजली भुयारात उतरते. त्यात चार मूळ वर्गांखेरीज चार मिश्र वर्ग आहेत : बिशप मांत्रिक व पुरोहित अशा दोघांचेही मंत्र शिकतो, पण सावकाश, सामुराई हा मांत्रिकाचे आणि लॉर्ड हा पुरोहिताचे मंत्र जाणणारा योद्धा, तर निंजा निःशस्त्र असूनही एका घावात शत्रूचा शिरच्छेद करू शकतो. निंजा होण्यास बळ, बुद्धी, श्रद्धा, जीवनशक्ती, चपळता व दैव हे सहाही गुण किमान १७ असावे लागतात. वर्ग बदलल्यास पात्र पहिल्या पातळीवर येते, त्याचे गुण घटतात व वयही वाढते. शिकलेले मंत्र मात्र टिकतात. त्यामुळे आधी मांत्रिक व मग योद्धा हा क्रम अनेकांना लाभदायक वाटे.

मंत्राचे नाव कळफलकावर अचूक टंकित करावे लागे. ‘हालिटो’ म्हणजे लहान आग, ‘माहालिटो’ म्हणजे मोठी. अशी ही एक छोटी भाषाच होती. ‘मालोर’ या मंत्राने पथक हव्या त्या जागी नेता येई, परंतु अंतर मोजण्यात चूक होऊन ते खडकात पोहोचले, तर सर्व पात्रे कायमची नष्ट होत. मृतास उठविण्याचा ‘डी’ मंत्र फसल्यास त्याची राख होई आणि राखेवरील ‘काडोर्टो’ फसल्यास पात्र समूळ जाई. ही हानी लगेच तबकडीवर नोंदली जाई; कित्येक आठवड्यांचे श्रम वाचविण्यासाठी खेळाडू ऐन वेळी तबकडी ओढून काढीत.

‘बाल्डर्स गेट’मध्ये (१९९८) मानवेतर पात्रास दोन वा तीन वर्ग एकाच वेळी घेता येतात व अनुभवगुण त्यांत समान वाटले जातात. मानवास वर्ग बदलावा लागतो आणि नवी पातळी जुनीच्या पुढे जाईपर्यंत त्याची जुनी कौशल्ये निरुपयोगी राहतात. यातील विजेचा मंत्र भिंतीवर आपटून परततो. अरुंद खोलीत तो बहुधा स्वपक्षालाच भोवतो.

वरील वैचित्र्ये नियमांतून आली आहेत. काही मात्र आज्ञावलीतील चुकांमुळे उद्‌भवली. जपानी ‘फायनल फँटसी’च्या (१९८७) मूळ आवृत्तीत शस्त्राची धार वाढविणारा मंत्र काहीच करीत नसे, शत्रूची चपळाई घटविण्यासाठी योजलेला दुसरा एक मंत्र उलट ती वाढवी. बुद्धी या गुणाचा मंत्रांच्या प्रभावाशी तेथे काहीही संबंध नव्हता, त्यामुळे तीव्र बुद्धीचा मांत्रिक व मंद बुद्धीचा योद्धा एकच मंत्र सारख्याच परिणामाने टाकीत.