मृत्यू आत शिरला कुठून? : गॉथिक कथा आणि ‘अटळ’ हा शब्द

येलदरीचे दरवाजे उघडले की पूर्णेचं पाणी खाली सिद्धेश्वरला येणार, हे आमच्याकडं लहान पोरगंही सांगेल. येणार का, हा प्रश्नच नसतो. कधी आणि किती, एवढंच विचारायचं. ‘गॉथिक लघुकथेतील मृत्यूची अटळता’ असा विषय आराखड्यात लिहायचं तुमच्या मनात असेल, तर हा फरक आधी लक्षात घ्या. नाहीतर समितीत कुणीतरी हमखास विचारतं, ‘मरण तर सगळ्यांनाच आहे, यात शोधायचं काय?’

शोधायचं हे, की कथेत मृत्यू कुठल्या जागी अटळ होतो आणि लेखक ते कशाच्या जोरावर घडवतो.

एडगर ॲलन पोची ‘द मास्क ऑफ द रेड डेथ’ मे 1842 मध्ये ‘ग्रॅहम्स मॅगझिन’ या मासिकात आली. देशभर साथ पसरलेली. राजपुत्र प्रॉस्पेरो हजार स्नेह्यांना घेऊन तटबंदीच्या मठात जातो आणि दारांच्या कड्या आतून कायमच्या जोडून टाकतो. पाच-सहा महिन्यांनी मेजवानी ठेवतो. सात दालनं, शेवटचं काळं. मध्यरात्री तिथं एक अनोळखी पाहुणा दिसतो.

मी सूक्ष्मजीवशास्त्राचा, त्यामुळं पहिल्या वाचनात डोकं भलतीकडंच गेलं. रोग आत आला कसा? कथेत या रोगाला लागण ते मृत्यू अर्धा तास लागतो. एवढ्या घाईनं मारणारा रोग लांब पसरणं कठीण, कारण रोगी फिरायच्या आत संपतो. आणि आत येणाऱ्यांपैकी कुणी तो आणला असता, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. मग इतके महिने तो कुठं दबा धरून होता? हिशोब जुळेना. तो जुळू नये अशीच मांडणी आहे, हे उशिरा कळलं. पाहुण्याला धरायला जातात, तर पोशाखाच्या आत कुणीच नसतं! कारणाची जागा मुद्दाम रिकामी ठेवलीय. तिथं पोनं काळ्या दालनातलं घड्याळ बसवलंय. दर तासाला ठोके पडतात, वाद्यं थांबतात, नाचणारे बावरतात. पाहुणा यायच्या आधीच वाचकाला निकाल ठाऊक असतो.

मासिकाच्या त्याच अंकात पोनं हॉथॉर्नच्या कथांवरही लिहिलंय. कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिचा प्रत्येक शब्द आधी ठरवलेल्या एकाच परिणामासाठी असावा, असं त्याचं म्हणणं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची ‘द मंकीज पॉ’ (1902) याच्या बरोब्बर उलट. भारतातून आणलेला माकडाचा पंजा, तीन इच्छा. बाप 200 पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी मुलगा कारखान्यात यंत्रात सापडून मरतो आणि भरपाई मिळते, 200 पौंड. इथं कारण आहे, अगदी रोजच्यातलं. यंत्र, कारखाना, भरपाई. योगायोग म्हणायचीही सोय आहे. पण आकडा तंतोतंत जुळतो आणि तिथंच मृत्यू अटळ वाटायला लागतो. एका कथेत कारणच नाही, दुसरीत सगळी कारणं हजर, तरी परिणाम एकच. संशोधनाचा प्रश्न म्हणतात तो हा.

मराठीत याला जवळची कथा म्हणजे जी. ए. कुलकर्णींची ‘स्वामी’, ‘पिंगळावेळ’ या संग्रहातली. तिला गॉथिक म्हणायला मी थोडा कचरतो. पण प्रवासी मठात जातो, तिथं त्याला तळघरात स्वामी म्हणून कोंडतात आणि परतीची वाट उरत नाही. इथं नियती माणसांनीच चालवलीय, तीही अदबीनं, हात जोडून. प्रॉस्पेरो मृत्यूला बाहेर ठेवायला दार बंद करतो, इथं दार बंद होणं हाच मृत्यू.

आता माझी खरी अडचण. 2020 मध्ये कितीतरी गावांनी वेशीवर काट्या टाकून रस्ते बंद केले होते. तेव्हाच्या मरणांबद्दलही ‘अटळ होतं’ असं सहज बोललं जातं. तिथं मला तो शब्द चालत नाही. तिथं लागण कशी झाली, खाट कधी मिळाली, हे विचारावंच लागतं. कथेत उत्तर नसलेला प्रश्न वॉर्डात उत्तर मागतो. म्हणून आराखड्यात ‘अटळता’ लिहिलंत की पुढं लगेच ‘कथनातील’ की ‘जीवनातील’ हे नोंदवा.

सुरुवात छोटी करा. एक कथा घ्या, पेन्सिल घ्या आणि ज्या वाक्यानंतर सुटकेची आशा तुम्ही सोडली, त्याखाली रेघ ओढा. मित्रालाही तेच करायला सांगा. रेघा बहुधा वेगवेगळ्या ओळींवर येतील. त्या दोन ओळींमध्ये काय घडलं, तिथून लिहायला लागा.