आजीच्या ओव्या वहीत का नाहीत?

कुणी भाकरी थापत असाल, कुणी शेताकडं निघायच्या गडबडीत असाल. हातातलं काम चालू ठेवा आणि माझं ऐका. आज बचत, कर्ज, हप्ता यातलं काही बोलणार नाही. आज माझ्या आजीबद्दल आणि एका कोऱ्या वहीबद्दल बोलणार आहे.

आमचं गाव भोगावतीच्या काठाला. आजी शाळेत गेली नव्हती, कागदावर अंगठा उठवायची. पण पहाटे जात्यावर बसली की तिच्या तोंडून ओवीमागून ओवी यायची. समोर चुलती बसायची. एकीनं ओळ सुरू करायची, दुसरीनं उचलायची. भाऊ न्यायला येईल का, लेक सासरी कशी नांदते, पंढरीची वाट, सीतेचा वनवास, सगळं त्यात यायचं. सासूला तोंडावर बोलता येत नव्हतं, ते जात्याला सांगता येत होतं. गावात पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओव्या फक्त हळदीला, लग्नाला उरल्या.

मी तेव्हा शाळेत होते. गुरुजी सांगतील ते सगळं वहीत उतरवायची. आजीचं मात्र एक अक्षर लिहिलं नाही. ते 'लिहिण्यासारखं' आहे असं मला कुणी सांगितलंच नव्हतं. आजी गेली. बाराव्याला आलेल्या बायका तिच्या ओव्या आठवायला लागल्या, तर कुणाला पहिली ओळ येत होती, कुणाला दुसरी. अख्खी ओवी कुणालाच येईना. त्या दिवसाची रुखरुख अजून माझ्या मनात आहे.

मग मी वाचायला लागले, तेव्हा कळलं की ज्यांचं कुणीतरी लिहून ठेवलं, त्याच बायका आज आपल्याला माहीत आहेत. संत जनाबाई नामदेवांच्या घरी राबणारी बाई. दळण-कांडण करताना सुचलेले तिचे अभंग लोकांनी जपले, म्हणून सातशे वर्षांनीही आपण तिचं नाव घेतो. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, चुलीपुढं, जात्यावर त्यांना गाणी सुचायची. मुलगा सोपानदेव यांनी ती कागदावर उतरवून घेतली होती. बहिणाबाई 1951 साली गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली पुस्तक निघालं. तो कागद नसता तर आपल्या लेकरांच्या पाठ्यपुस्तकात बहिणाबाई आल्या असत्या का?

साने गुरुजींनीही बायकांच्या ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन' हे पुस्तक केलं. पुढं पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी सोबत्यांना घेऊन गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ओवी कुणी म्हटली, कुठल्या गावात म्हटली, हेही त्यांनी नोंदवलं. मला हे फार मोलाचं वाटतं. नाहीतर बाईच्या कलेला 'लोकगीत' म्हणतात आणि बाईचं नाव गळून जातं.

आता दुसरी बाजू बघा. आपलं लिहिलं गेलं नाही, तसं लिहिलेलंही आपल्यापर्यंत येत नाही. खरं तर आपलं कोल्हापूर वाचनात मागं नाही. करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचं आहे. ग्रंथालयांसाठी कायदा करणारं भारतातलं पहिलं संस्थानही कोल्हापूरच, साल 1945. महाराष्ट्र राज्याचा कायदा आला तो 1967 साली. त्या कायद्याप्रमाणं मान्यता मिळालेल्या गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं. म्हणजे त्या पुस्तकांत आपलेही पैसे आहेत.

तरी आत जातं कोण? मी एका गावात बघितलं. संध्याकाळी वाचनालय उघडायचं, तेव्हाच धारा काढायच्या असायच्या, चूल पेटवायची असायची. दारात पुरुष पेपर वाचत बसलेले. बायका पदर सावरून पुढून निघून जायच्या. मी एकीला विचारलं, तर म्हणाली, "आमचं काय काम तिथं?" सातवी शिकलेली बाई ती. तिला अडवलं कुणी नव्हतं, आणि या म्हणूनही कुणी म्हटलं नव्हतं.

म्हणून सांगते, हे काम एकटीनं होत नाही, गटानं होतं. चार-पाच जणींनी मिळून ग्रंथपालाला भेटा. दुपारचा एक तास बायकांसाठी मागा, किंवा गटाच्या नावावर काही पुस्तकं मागा आणि महिन्यानं बदलून घ्या. बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही हे जमतं. पोथी आपण अशीच ऐकत आलोय. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घ्या. लग्नानंतर अक्षरं शिकलेल्या बाईनं सांगितलेला तिचा संसार आहे तो. हसाल आणि रडालही.

दुसरं काम वहीचं. गटाच्या इतिवृत्ताला वही लागते, तशीच एक वही ओव्यांसाठी घाला. गावातल्या म्हाताऱ्या बाईजवळ बसा. मोबाईलवर आवाज भरून घ्या, पण आधी तिला विचारा. मग सावकाश ऐकून उतरवा. ती 'आलं व्हतं' म्हणाली तर तसंच लिहा, शाळेतलं मराठी करू नका. खाली तिचं नाव, माहेर, सासर आणि ही ओवी कधी म्हणतात ते लिहा. नाव लिहू नको म्हणाली तर लिहू नका. मोबाईल बिघडतो, हरवतो, म्हणून वही हवीच. तिची एक प्रत वाचनालयात द्या. वाचनालयात जायला तेवढं कारणही होईल.

सुरुवातीला म्हातारी म्हणेल, "मला काय येतंय बाई?" माझी आजीही असंच म्हणाली असती. तुम्ही हळदीची आठवण काढा, नाहीतर नुसतं जात्यापाशी बसवा. आणि हे पुढच्या वर्षावर टाकू नका. मी टाकत गेले, आणि माझी वही कोरी राहिली.

पुढच्या बैठकीत पहिली ओवी उतरली की आम्हाला कळवा. रेडिओवर तुमच्याच आवाजात, म्हणणाऱ्या बाईच्या नावासकट ती ऐकवू. येते मी. नमस्कार.